पेटी इथेच राहील

फोनवर तिला लोक हटकून 'साहेब' म्हणत. दुकानाच्या पाटीवर 'सोफा, खुर्ची, गाडीची सीट, सर्व कुशनकाम' असं लिहिलेलं आणि खाली नंबर. लोक नंबर लावत आणि पलीकडून विहिरीच्या तळातून आल्यासारखा आवाज येई.

"साहेब, सोफा बसलाय आमचा. दुरुस्त होईल का?"

"होईल. घेऊन या."

"साहेब, स्प्रिंगचं कामही करता ना?"

"करते."

इथे पलीकडचा माणूस थबकायचा. मग चाचरत, "साहेब नाहीयेत का दुकानात?"

"साहेब कधीच नव्हते. मी आहे. सोफ्याची काही हरकत नसते, तुमची असेल तर सांगा."

शाळेत असताना याच आवाजापायी गाण्याच्या बाईंनी तिला समूहगीताच्या रांगेत मागे उभं केलं आणि कानात सांगितलं, "तू नुसते ओठ हलव हं बाळा." बाळाने ओठ हलवले नाहीत. कार्यक्रमाच्या दिवशी, सगळ्या पालकांसमोर, ती स्टेजवरून उतरली आणि पहिल्या रांगेत आईच्या शेजारी जाऊन बसली. आईने दंडाला चिमटा काढला तरी हलली नाही. बाईंनी नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, "बोलवायचं तर आवाजासकट बोलवा." त्या दिवसापासून तिला सगळे 'खर्ज' म्हणू लागले. चिडवायला ठेवलेलं नाव तिने असं काही अंगावर घेतलं की चिडवणाऱ्यांची मजाच गेली.

दुकान वडिलांचं. फोम, रेक्झिन, चिकटवायच्या द्रावाचा डोक्यात जाणारा वास, भिंतीवर टांगलेल्या वाकड्या सुया आणि मधोमध एक टेबल, ज्याच्यावर खिळ्यांचा पत्र्याचा ट्रे कायम उघडा. एका दिवशी वाद्यवृंदातला एक माणूस पाठीवर भलीमोठी स्पीकरची पेटी घेऊन आला. पेटीचं काळं रेक्झिन फाटून लोंबत होतं.

"नवं चढवा. काळंच."

"काळं संपलंय. हिरवं आहे. दाताच्या डॉक्टरांच्या खुर्च्यांतून उरलंय."

"हिरवी पेटी कोणी पाहिलीये?"

"तुम्ही पाहाल. पहिले तुम्हीच."

तिने ती पेटी अशी मढवली की कोपऱ्यावर एक सुरकुती शोधून सापडली नसती. माणूस न्यायला आला तेव्हा आतले स्पीकर धड आहेत ना हे पाहायला त्याने आवाज वाढवायचा ॲम्प जोडला, बेस गिटार गळ्यात घातली आणि सगळ्यांत जाड तार एकदा छेडली. टेबलावरच्या ट्रेतले खिळे नाचायला लागले. खर्जने पेटीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"काय झालं?" माणसाने विचारलं.

"हा माझा आवाज आहे," ती म्हणाली. "यात कसा गेला?"

पुढे त्या माणसाला परगावी नोकरी लागली आणि तोवर त्याच्याकडून शिकलेली खर्ज त्याच्या जागेवर उभी राहिली. गिटार, ॲम्प आणि हिरवी पेटी तिच्याकडे आली. त्याच वाद्यवृंदातला ड्रमवाला एकदा आपलं स्टूल घेऊन दुकानात आला, गादी दबलीये म्हणून. तिने गादी भरली. तो बसून पाहायला लागला आणि बसल्याबसल्या दोन बोटांनी टेबलावर ताल धरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. "जरा टोचतंय." तिसऱ्या दिवशी पुन्हा.

"यात टोचण्यासारखं काहीही नाहीये," खर्ज म्हणाली. "खरं काय ते बोला, मला गिऱ्हाइकं आहेत."

तो खरं काय ते बोलला. लग्न झालं.

या गोष्टीला इतकी वर्षं झाली की आता वाद्यवृंद तिच्या बहिणीचा मुलगा चालवतो. भाचा गातो, कार्यक्रम ठरवतो, हॉलवाल्यांशी गोड बोलतो. मुलगा गुणी. पण अलीकडे त्याने दोन गोष्टी केल्या ज्यांनी मावशीच्या घरात वादळ आणलं. एक म्हणजे त्याने दाढी वाढवली. दुसरी म्हणजे त्याने म्हटलं, "मावशी, आता स्टेजवर पेटी नको."

दाढीचं आधी सांगायला हवं.

ड्रमवाल्याचे कान गेले होते. एकदम नाही. आधी झांजेची किणकिण गेली, मग दाराची घंटा, मग कुकरची शिट्टी, मग माणसांचं बोलणं. डॉक्टरांनी तपासून कागदावर उतरती रेघ काढून दाखवली. परतताना बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "सोडून देतो वाजवणं."

खर्जने त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, म्हणजे त्याला ओठ दिसतील. "तुम्हाला कानाने वाजवायला कोणी सांगितलं? पायाने वाजवा."

तेव्हापासून त्यांची एक रीत होती. ड्रम ज्या लाकडी फळ्यांच्या ओट्यावर मांडायचे, त्याच ओट्यावर, स्टुलाला जवळजवळ टेकून, हिरवी पेटी ठेवायची. खर्जने खालचा सूर लावला की तो फळीतून त्याच्या टाचेत यायचा, स्टुलातून माकडहाडात यायचा. तो बूट काढून मोज्यांवर बसायचा. सूर पोचला की भुवई उचलायचा. नाही पोचला तर मान खाजवायचा, आणि ती पायाने हळूच ॲम्पचं बटण वाढवायची. बाकीच्यांना वाटे, नवराबायको जवळजवळ बसतात, छान आहे. माणसांचं बोलणं तो ओठांवरून वाचायचा आणि त्यात इतका तयार झाला होता की कोणाला कळत नसे. फक्त दाढीवाल्यांशी त्याचं पटायचं नाही. "मिशा ओठांवर आल्या की माणूस तोंडात पडदा लावून बोलतो," तो म्हणायचा. आणि आता घरचाच दाढीवाला झाला होता.

कोणाला सांगायचं नाही, हे खर्जने ठरवलं होतं. भाच्याला तर मुळीच नाही. तो वाईट वागला असता म्हणून नव्हे, तो चांगला वागला असता म्हणून. काकांना पहिल्या रांगेत मऊ खुर्चीवर बसवलं असतं, मध्येच माइकवरून त्यांचं नाव घेतलं असतं, आणि ड्रमवर दुसरा कोणी बसला असता.

"मावशी, तू ऐकून तरी घे," भाचा दुकानात येऊन सांगत होता. "आता सगळीकडे असंच आहे. तुझी गिटार थेट हॉलच्या सिस्टिमला जोडायची. प्रत्येकाच्या कानात छोटा फोन. ज्याला जे हवं ते ऐकू येतं. स्टेज मोकळं, चकाचक."

"माझ्या कानात मला माझे कान पुरतात."

"काकांना विचार."

"काका माझंच म्हणणं म्हणतील."

खरं तर काकांनी तो कानातला फोन घरी गुपचूप लावून पाहिला होता. "काय ऐकू येतं?" तिने विचारलं तर म्हणाले, "खाज."

"हॉलचा मॅनेजर नवीन आहे," भाचा म्हणाला. "तो म्हणतो, फोटोत तुमच्या वायरी दिसतात, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं दिसतं. आणि ती हिरवी पेटी... तो म्हणतो, दवाखान्यातलं सामान वाटतं."

"त्याची नजर चांगली आहे. दवाखान्याचंच रेक्झिन आहे ते."

"मावशी, मस्करी नाही. त्या हॉलवर आपली निम्मी कामं आहेत. तो चिडला तर दुसऱ्यांना बोलवेल."

"वायरी दिसतात एवढंच ना? नाही दिसणार."

आणि खर्जने तेच केलं जे ती आयुष्यभर करत आली होती. उघड्या गोष्टीला खोळ शिवली. हॉलच्या पडद्यांना जुळेल असं मरून रंगाचं कापड काढलं, आत पातळ फोमची पट्टी घातली, म्हणजे वायर वेडीवाकडी पडणार नाही, कडेला गोट लावला, आणि आपल्या सगळ्या वायरी एकेक करून त्यात घातल्या. टेबलावर रांगेने ठेवल्या तर एकसारख्या, गुटगुटीत, राजवाड्यातल्या दोरखंडांसारख्या. नवऱ्याला दाखवल्या.

"फारच देखण्या," तो म्हणाला. "पण कुठली कुठली आहे?"

"हातात घेतली की कळते मला."

इथे ती चुकली, आणि कशी ते समजायला एवढंच पुरे. वायरी दोन जातींच्या असतात. गिटारपासून ॲम्पपर्यंत जाते ती एक. तिच्यातून जाते ती सुराची कुजबुज, आत एकच बारीक तार आणि भोवती जाळीचं पांघरूण, बाहेरची खरखर आत येऊ नये म्हणून. ॲम्पपासून पेटीपर्यंत जाते ती दुसरी. तिच्यातून कुजबुज नाही, ताकद जाते. आत दोन जाड तारा, सारख्या, पांघरूण वगैरे काही नाही. दोघींच्या टोकाचे जॅक मात्र तंतोतंत तेच, कुठलीही कुठेही बसते. फरक कळतो तो वरच्या रबरावर छापलेल्या अक्षरांवरून आणि बोटांना लागणाऱ्या जाडीवरून. खर्जने अक्षरं झाकली होती आणि जाडी फोमने सारखी करून टाकली होती.

कार्यक्रम दुपारचा होता, एका कंपनीच्या वर्धापनदिनाचा. गोल टेबलं, पांढरी कापडं, फुगे. खर्जने नेहमीसारखी पेटी ओट्यावर ढकलली. मॅनेजर आला. त्याच्या बुटांचा आवाज त्याच्या आधी यायचा.

"वायरी छान दिसतायत," तो म्हणाला. "पेटी मागे सरकवता येईल?"

"नाही."

"थोडीशी?"

"पेटी इथेच राहील."

मॅनेजरने भाच्याकडे पाहिलं. भाच्याने फुग्यांकडे पाहिलं.

तिने शिरस्त्याप्रमाणे ॲम्प बंद ठेवूनच वायरी लावल्या. आधी पेटीची, मग गिटारची, मग चालू. सूर लावला. चांगला लागला, पण खाली सतत एक घोंघाट, माशी अडकल्यासारखा.

"घरघरतंय," भाचा म्हणाला.

"हॉलचे दिवे आहेत ते. त्यांच्या मॅनेजरला सांग, दिव्यांनाही खोळ घाल."

नवऱ्याने भुवई उचलली. सूर पोचत होता. तेवढं तिला पुरे होतं.

पहिली गाणी हळू होती, लोक जेवत होते. मग भाच्याने नाचाचं गाणं काढलं, टेबलांवरून माणसं उठली, आणि खर्जने बटण वाढवलं. गाणं ऐन रंगात असताना पेटीतून कागद फाडल्यासारखा आवाज आला. पुन्हा आला. मग काहीच आलं नाही. ॲम्पवरचा लाल दिवा लागला. ॲम्प स्वतःला वाचवून गप्प बसला होता.

खर्जने मागे पाहिलं. नवऱ्याचे हात चालू होते, पण चेहरा एखादी पायरी नसताना पाय टाकलेल्या माणसासारखा झाला होता. तो मान खाजवत नव्हता, हात मोकळा नव्हता. ठोका जरा पुढे पळाला. भाच्याने गाता गाता वळून पाहिलं. ठोका अजून पुढे पळाला, मग मागे ओढला गेला. नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकायला लागले. कोणीतरी हसलं. भाच्याने गाणं कसंबसं गुंडाळलं आणि माइकवर गोड आवाजात जाहीर केलं, "आता छोटीशी विश्रांती."

मागच्या खोलीत जुन्या खुर्च्यांची चळत होती. भाच्याने दार लावलं. खर्ज वायरी हातात गोळा करूनच आत आली होती.

"मावशी, बस झालं."

"काय बस झालं?"

"पेटी. आजपासून नाही. दुसऱ्या भागात तू थेट सिस्टिमवर. मी बोललोय त्यांच्याशी."

खर्ज ऐकत होती की नाही कोण जाणे. मरून वायरीवरून तिचा हात फिरत होता आणि एका जागी थांबला होता. वायर गरम होती. कापडातून, फोमच्या पट्टीतून, इस्त्री ठेवून उचललेल्या जागेसारखी गरम.

तिने पाकिटातून उसवायचं पातं काढलं आणि आपल्या हातची शिवण एका टोकापासून चर्रकन उघडली. आतून वितळलेल्या रबराचा वास आला. जॅकची टोपी फिरवून काढली. आत एकच बारीक तार, भोवती जाळी. गिटारची वायर. पेटीला लावलेली.

दुसरी खोळ उसवली. रबरावर ठळक अक्षरं, आत दोन जाड तारा. ही गिटारला लावलेली, पांघरुणाशिवाय, म्हणून सगळ्या हॉलची घरघर गोळा करत होती. बिचारे दिवे उगीच बदनाम झाले.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "वायरी अदलाबदल झाल्या. ज्या तारेने निरोप न्यायचा तिला मी ओझं उचलायला लावलं. पेटी ठणठणीत आहे."

भाच्याने कपाळावर हात मारला. "हे ऐकून मला बरं वाटायला हवं? आज वायर चुकली, उद्या दुसरं काही चुकेल. म्हणूनच म्हणतो ना! पेटीच नाही तर पेटीची वायरही नाही."

याला उत्तर होतं, पण ते द्यायचं नव्हतं. खर्ज हनुवटी पुढे काढून उभी राहिली.

"पेटी राहील."

"का पण? एक कारण दे. एक."

"माझी मर्जी."

"मर्जी हे कारण नाही मावशी! मी लोकांना काय सांगू? आणि काकांनाही काय झालं होतं? काका कधी चुकत नाहीत. तुझी पेटी बंद पडली आणि काका..." भाचा थांबला. त्याने काकांकडे पाहिलं. "काका, काय झालं होतं?"

ड्रमवाला खुर्च्यांच्या चळतीला टेकून, मोज्यांवर उभा होता. भाच्याच्या दाढीतून त्याला एक अक्षर मिळालं नव्हतं. भांडणाचा त्याला अर्धाच भाग दिसत होता, बायकोच्या ओठांवरचा.

"काकांना मध्ये आणू नकोस," खर्ज म्हणाली.

"कशाच्या मध्ये?" ड्रमवाल्याने मोठ्याने विचारलं.

"कशाच्या नाही. तुम्ही चहा घ्या."

"मला कशाच्या मध्ये आणायचं नाहीये?"

"हा पेटी नको म्हणतोय," ती त्याच्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाली. "मी पाहते."

"तू काय पाहणार? तू सकाळपासून एकटीच पाहते आहेस. तू गेली कित्येक वर्षं एकटीच पाहते आहेस." तो पुढे आला आणि भाच्याच्या समोर उभा राहिला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. किती मोठा ते त्याला कळत नव्हतं, बाहेर वाढप्यांना ऐकू जात असणार. "हे बघ. तू काय बोलतोयस ते मला कळत नाही, कारण तू तोंडावर झुडूप वाढवलंयस. मला ऐकू येत नाही. तुझं नाही, हिचं नाही, ड्रमचंसुद्धा नाही. मी त्या पेटीवर वाजवतो. ती माझ्या टाचेत वाजते. ती गेली की मी गेलो. आत्ता मघाशी गेलो तसा. हे कारण."

खर्ज हातातल्या उसवलेल्या कापडाची घडी घालत राहिली, जणू ती घडी नीट बसणं फार महत्त्वाचं होतं.

"कधीपासून?" भाच्याने तिला विचारलं.

"तू गायला लागायच्या आधीपासून."

"म्हणजे माझं एकही गाणं काकांनी..."

"काय म्हणतोय?" ड्रमवाल्याने विचारलं.

"म्हणतोय, माझं गाणं तुम्ही कधी ऐकलंच नाही."

"त्याला म्हणावं, त्याबद्दल मी कधी तक्रार केली?"

भाच्याला हसू आलं आणि ते मध्येच अडकलं. मग तो मावशीवर उखडला, खरोखरचा. "आणि हे तू मला सांगितलं नाहीस? मी परका आहे?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"काय म्हणजे? काळजी घेतली असती."

"तेच नको होतं. काळजी घेतलेली माणसं खुर्चीवर बसतात. यांना स्टुलावर बसायचंय."

"तू माझ्याबद्दल आधीच ठरवून मोकळी झालीस."

पोरगा बरोबर बोलत होता, आणि ते तिला आवडलं नाही.

"झालं असेल तसं," ती शेवटी म्हणाली. "आता तुला माहीत आहे. आता ठरव."

दार वाजलं आणि उत्तराची वाट न पाहता उघडलं. मॅनेजर. "दुसरा भाग सुरू करा, पाहुणे खोळंबलेत. आणि ती पेटी माझ्या माणसांना उचलायला सांगतोय. ठरलंय तसं." त्याची नजर जमिनीवरच्या मरून चिंध्यांवर गेली. "हे काय? या खोळी का काढल्या?"

"वायरींनी मला फसवलं नाही," खर्ज म्हणाली. "मी त्यांना फसवलं. आता वायरी वायरींसारख्या दिसतील."

"फोटोत?"

"फोटोतही."

"आणि पेटी?"

"पेटीला तुमच्या माणसांनी हात लावला तर आधी मला उचलावं लागेल. मी जड आहे."

मॅनेजर भाच्याकडे वळला. आवाज थंड झाला. "तुमच्या ग्रुपचा प्रमुख कोण आहे? तुम्ही ना? मग स्पष्ट सांगतो. ती पेटी स्टेजवर दिसली तर या हॉलमध्ये हे तुमचं शेवटचं काम."

खर्जने भाच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो दबाव झाला असता. तिने जाड तारांची वायर गोल गुंडाळून खांद्यावर टाकली आणि ती थांबून राहिली. तिने मनात ठरवलं होतं. हा पोरगा नाही म्हणाला तर पेटी चाकांवर चढवायची, नवऱ्याला घ्यायचं आणि गोल टेबलांच्या मधून, सगळ्यांच्या देखत, पुढच्या दाराने बाहेर जायचं. मागच्या नाही.

भाच्याने दाढीवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

"शेवटचं तर शेवटचं," तो म्हणाला. "पण आत्ता आहोत ना आम्ही इथे? दहा मिनिटं द्या. मावशीला वायर नीट लावू दे."

मॅनेजरचे बूट वाजत निघून गेले.

"तुझी निम्मी कामं गेली," खर्ज म्हणाली.

"माहीत आहे मला. बोलू नकोस, नाहीतर माझा विचार बदलेल."

स्टेजवर ती गुडघ्यांवर बसली. पडदा उघडाच होता, लोक पाहत होते. पाहू देत. आधी ॲम्प बंद आहे हे बोट ठेवून पाहिलं. ॲम्पच्या पाठीवर सगळी भोकं ओळीने होती. स्पीकर लिहिलेल्या भोकात जाड वायरीचा जॅक टक् आवाज होईपर्यंत दाबला. दुसरं टोक पेटीत. पेटीवर लिहिलेला ओहमचा आकडा ॲम्प मागतो त्यापेक्षा कमी नाही ना, हे तिला कित्येक वर्षांपासून पाठ होतं, तरी वाकून पुन्हा वाचलं. आज पाठ असलेल्या कशावर तिचा भरवसा नव्हता. वितळलेली वायर बाजूला टाकली आणि गिटारसाठी तिसरी खोळ उसवून, जॅकची टोपी काढून, आतली जाळी डोळ्यांनी पाहून मगच लावली. काळ्या वायरी ओट्यावरून नागमोडी पसरल्या. मग पेटीला खांदा लावला आणि ती होती त्याहून थोडी पुढे ढकलली, स्टुलाला पार चिकटवून. हिरवं रेक्झिन दिव्यात चकाकलं.

बटण शून्यावर आणून तिने ॲम्प चालू केला. लाल दिवा नाही. घरघर नाही. हॉलचे दिवे बिचारे मुकाट जळत होते.

नवरा बसला, मोज्यांवर. तिने सगळ्यांत जाड तार छेडली आणि सूर लांबवला. पहिल्या टेबलावरच्या बाईने दचकून ग्लास धरला.

इतकी वर्षं अशा वेळी तो मान खाजवायचा. या वेळी त्याने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि भर हॉलमध्ये, खणखणीत आवाजात म्हणाला, "नाही पोचत. अजून."

सगळी टेबलं वळली. मागच्या दाराशी उभ्या मॅनेजरने दोन्ही तळवे खाली दाबून खूण केली, कमी, कमी.

खर्जने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि बटण वर फिरवलं.

"अजून," ड्रमवाला म्हणाला.

तिने अजून फिरवलं. त्याच्या भुवया उंचावल्या आणि मग सगळा चेहराच उंचावला.

"आता आहे."

भाचा माइककडे तोंड करून उभा होता. तो वळला, पाठ पाहुण्यांकडे आणि तोंड काकांकडे. दाढीमागून 'एक, दोन, तीन' मोजून गाणं सुरू करण्याऐवजी त्याने हात वर केला आणि एकेक बोट उघडायला सुरुवात केली.